भाड्याच्या मालमत्तेसाठी खासगी भांडवल उभारणी

घर, दुकानाचा गाळा, वसतिगृहाची इमारत, गोदाम अशी भाडे मिळवून देणारी मालमत्ता विकत घेण्यासाठी किंवा बांधण्यासाठी नातेवाईक, स्नेही, व्यवसायातील सहकारी अथवा अन्य व्यक्तींकडून पैसा गोळा करण्याच्या व्यवहाराला भाड्याच्या मालमत्तेसाठी खासगी भांडवल उभारणी असे म्हणता येते. हा पैसा बँकेच्या कर्जाऐवजी किंवा त्याला जोड म्हणून वापरला जातो. पैसा देणाऱ्याला मोबदल्यात मालकीचा हिस्सा, ठरलेले व्याज किंवा भाड्याच्या नफ्यातील वाटा मिळतो.

भारतात या व्यवहारासाठी स्वतंत्र असा एकच कायदा नाही. पैसा कोणी दिला, दस्तावर नाव कोणाचे आहे आणि मालमत्तेचा कारभार कोणाच्या हाती आहे, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवरून तोच व्यवहार सहमालकी, कर्ज, भागीदारी, ठेव, सामूहिक गुंतवणूक योजना किंवा बेनामी व्यवहार ठरू शकतो. प्रत्येकाचे नियम वेगळे असून पैसे बुडाल्यास मिळणारे संरक्षणही वेगळे आहे.

पार्श्वभूमी

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कापडगिरण्या, गोदी आणि रेल्वे यांमुळे मुंबईतील कामगारांची संख्या झपाट्याने वाढली. त्यांच्या निवासासाठी उभ्या राहिलेल्या चाळींपैकी मोठा भाग खासगी मालकांनी भाड्याच्या उत्पन्नासाठी बांधला होता. शिल्लक पैसा गुंतवण्याचे एक भरवशाचे साधन म्हणून भाड्याच्या इमारतीकडे पाहिले जाई.

१९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने प्रमाणभूत भाडे मुख्यतः १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधले गेले. भाडेकरूंना संरक्षण मिळाले. परंतु महागाई वाढत गेली तशी भाड्यातून दुरुस्तीचाही खर्च निघेनासा झाला आणि भाड्याच्या घरांतील खासगी गुंतवणूक आटली. बांधकामाचा ओघ मालकी हक्काच्या सदनिकांकडे वळला. या व्यवहारांचे नियमन करण्यासाठी महाराष्ट्र सदनिका मालकी अधिनियम, १९६३ हा कायदा झाला. पुढे मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गोठवलेल्या भाड्याच्या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी ठरल्याचे मत नोंदवले. त्यानंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा नवा कायदा ३१ मार्च २००० पासून अमलात आला.

ग्रामीण भागात एकत्र पैसा उभा करण्याच्या रीती निराळ्या होत्या. हातउसने, सावकारी कर्ज, भिशी आणि सहकारी संस्थेचे भाग हे त्यांतील प्रमुख प्रकार होत. यांपैकी सहकारी भागभांडवलाचा अनुभव पश्चिम महाराष्ट्रात सर्वांत व्यापक आहे.

बारामती–इंदापूर परिसर

कोऱ्हाळे बुद्रुक हे पुणे जिल्ह्याच्या बारामती तालुक्यातील गाव नीरा डावा कालव्याच्या सिंचनपट्ट्यात वसलेले आहे. ऊस हे या पट्ट्यातील प्रमुख नगदी पीक. सोमेश्वरनगर येथील सोमेश्वर, माळेगाव येथील माळेगाव आणि इंदापूर तालुक्यातील भवानीनगर येथील श्री छत्रपती हे सहकारी साखर कारखाने सभासद शेतकऱ्यांच्या भागभांडवलावर उभे राहिले. अनेकांनी थोडे थोडे पैसे घालून मोठी मालमत्ता उभी करणे ही कल्पना त्यामुळे या भागात परकी नाही.

भाड्याच्या जागांची मागणीही परिसरात आहे. बारामतीची औद्योगिक वसाहत, विद्या प्रतिष्ठानसारख्या शिक्षणसंस्था, वैद्यकीय महाविद्यालय आणि सोमेश्वरनगर येथील महाविद्यालय यांमुळे कामगार, कर्मचारी व विद्यार्थी यांना खोल्या लागतात. रस्त्यालगतच्या गावांत दुकानाचे गाळे व गोदामे भाड्याने दिली जातात. उसाचे बिल, भूसंपादनाचा मोबदला किंवा निवृत्तीनंतरची रक्कम हाती असलेली कुटुंबे अशा इमारतींकडे गुंतवणूक म्हणून पाहतात.

सहकारी कारखाना आणि चार-दहा जणांचा खासगी व्यवहार यांत मात्र एक मूलभूत फरक आहे. सहकारी संस्थेत सभासदाचे नाव नोंदवहीत असते, लेखापरीक्षण सक्तीचे असते आणि भाग कितीही असले तरी सभासदाला एकच मत असते. खासगी व्यवहारात यांपैकी काहीही आपोआप मिळत नाही. जे हवे ते दस्तात लिहून घ्यावे लागते.

व्यवहाराचे प्रकार

सहमालकी

या प्रकारात पैसे देणाऱ्या सर्वांची नावे खरेदीखतात येतात. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ४५ नुसार, वेगवेगळ्या निधीतून एकत्र खरेदी केली असेल आणि दस्तात अन्यथा लिहिलेले नसेल, तर प्रत्येकाचा हिस्सा त्याने घातलेल्या रकमेच्या प्रमाणात धरला जातो. कोणी किती दिले याचा पुरावा नसल्यास हिस्से समान असल्याचे गृहीत धरले जाते. त्यामुळे हिश्श्यांचे प्रमाण खरेदीखतातच नमूद करण्याची पद्धत आहे.

सहमालकाला आपला अविभक्त हिस्सा विकता येतो व वाटपाचा दावाही लावता येतो. सहमालकाचे निधन झाल्यास त्याच्या हिश्श्यावर वारसांची नावे लागतात. दहा सहमालकांच्या इमारतीत दोन पिढ्यांनंतर तीस-चाळीस नावे असणे अशक्य नसते आणि मग विक्रीसाठी सर्वांच्या सह्या मिळवणे हीच मोठी अडचण होऊन बसते.

कर्ज

मालमत्ता एकाच्या नावे राहते व पैसा देणारा सावकाराच्या भूमिकेत असतो. वचनचिठ्ठीवर दिलेल्या कर्जाच्या वसुलीसाठी मुदत अधिनियम, १९६३ नुसार सामान्यतः ३ वर्षांच्या आत दावा लावावा लागतो. नोंदणीकृत गहाणखत करून घेतल्यास ही मुदत १२ वर्षांची असते आणि कर्जाचा बोजा मालमत्तेवर चढतो. शेतजमिनीच्या बाबतीत असा बोजा सातबारा उताऱ्याच्या 'इतर हक्क' या रकान्यात दिसतो. बोजा नोंदवलेला नसेल तर मालक तीच मालमत्ता दुसऱ्याला विकू किंवा गहाण ठेवू शकतो आणि आधीच्या ऋणकोकडे पैसे मागणाऱ्याच्या हाती केवळ वैयक्तिक दावा उरतो.

व्याजाने पैसे देणे हा व्यवसाय म्हणून करायचा असल्यास महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ नुसार परवाना आवश्यक आहे.

भागीदारी व मर्यादित दायित्व भागीदारी

भारतीय भागीदारी अधिनियम, १९३२ खालील भागीदारी संस्थेत जास्तीत जास्त ५० भागीदार असू शकतात. अशी संस्था कायद्याच्या दृष्टीने भागीदारांहून वेगळी व्यक्ती नसते; तिच्या देण्यांसाठी प्रत्येक भागीदार स्वतःच्या मालमत्तेनिशी जबाबदार असतो. नोंदणी न केलेल्या संस्थेच्या भागीदाराला करारातील हक्कांसाठी संस्थेवर किंवा इतर भागीदारांवर दावा लावण्यास कायद्याने अडथळा येतो.

मर्यादित दायित्व भागीदारी अधिनियम, २००८ खालील संस्था, म्हणजेच एलएलपी, ही स्वतंत्र कायदेशीर व्यक्ती असते. तिला स्वतःच्या नावे मालमत्ता घेता येते, भागीदारांचे दायित्व मर्यादित असते आणि भागीदारांच्या संख्येवर कमाल मर्यादा नाही. एखादा भागीदार मरण पावला किंवा बाहेर पडला तरी मालमत्तेच्या दस्तावरील नाव बदलत नाही.

खासगी कंपनी

कंपनी अधिनियम, २०१३ नुसार खासगी कंपनीत जास्तीत जास्त २०० सभासद असू शकतात. मालमत्ता कंपनीच्या नावे असते व गुंतवणूकदाराकडे भाग म्हणजे शेअर असतात. मोजक्या व्यक्तींना शेअर देऊन भांडवल उभारण्याच्या पद्धतीला 'खासगी विक्रीव्यवस्था' म्हणतात. तिचे नियम कलम ४२ मध्ये आहेत. एका आर्थिक वर्षात, पात्र संस्थात्मक खरेदीदार वगळून, २०० पेक्षा अधिक व्यक्तींना असा प्रस्ताव देता येत नाही. प्रस्तावाची जाहिरात करता येत नाही आणि रक्कम रोखीने घेता येत नाही. पैसे मिळाल्यापासून ६० दिवसांत शेअर द्यावे लागतात. ते न दिल्यास पुढील १५ दिवसांत रक्कम परत करावी लागते. त्यानंतर वार्षिक १२ टक्के व्याज लागू होते.

सार्वजनिक पैशासंबंधीचे निर्बंध

ठेव

अनेकांकडून पैसे घेऊन ते ठरावीक मुदतीने परत करण्याचे आश्वासन देणे ही कायद्याच्या दृष्टीने 'ठेव' असू शकते, मग करारात त्याला गुंतवणूक, हातउसने किंवा अन्य काहीही म्हटलेले असो. अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा केंद्रीय अधिनियम २०१९ मध्ये संमत झाला. त्यानुसार नियंत्रकाच्या मान्यतेशिवाय ठेव योजनेचा प्रचार करणे, ठेवी स्वीकारणे आणि परतफेडीत कसूर करणे हे गुन्हे आहेत. अनियंत्रित ठेवी स्वीकारल्यास २ ते ७ वर्षे कारावास व दंडाची तरतूद आहे. व्यक्तीने नातेवाईकांकडून घेतलेले कर्ज आणि भागीदारांनी संस्थेत घातलेले भांडवल यांना ठेवीच्या व्याख्येतून वगळले आहे. शेजारी, मित्र आणि ओळखीचे लोक मात्र नातेवाईकांत मोडत नाहीत.

महाराष्ट्रात याशिवाय महाराष्ट्र ठेवीदारांच्या (वित्तीय संस्थांमधील) हितसंबंधांचे संरक्षण अधिनियम, १९९९ लागू आहे. 'एमपीआयडी कायदा' या इंग्रजी आद्याक्षरांच्या नावाने तो ओळखला जातो. त्यातील वित्तीय संस्थेची व्याख्या व्यापक असून ठेव स्वीकारणारी एकटी व्यक्तीही तिच्यात येऊ शकते. कपटाने परतफेड चुकवल्यास ६ वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा आहे. ठेवीदारांची देणी भागवण्यासाठी मालमत्ता जप्त करण्याचा अधिकार शासनाला आहे.

सामूहिक गुंतवणूक योजना

भारतीय प्रतिभूती व विनिमय मंडळ म्हणजे सेबी. सेबी अधिनियम, १९९२ च्या कलम ११एए मध्ये सामूहिक गुंतवणूक योजनेची चार लक्षणे दिली आहेत. गुंतवणूकदारांचा पैसा एकत्र करून वापरला जातो. तो नफा, उत्पन्न किंवा मालमत्ता मिळण्याच्या अपेक्षेने दिलेला असतो. मालमत्तेचे व्यवस्थापन गुंतवणूकदारांच्या वतीने दुसरा कोणी करतो. आणि दैनंदिन कारभारावर गुंतवणूकदारांचे नियंत्रण नसते. ही चारही लक्षणे असलेली योजना सेबीच्या नोंदणीशिवाय चालवता येत नाही. सहकारी संस्थांच्या व चिटफंडांच्या योजना यातून वगळल्या आहेत. त्यांच्यासाठी वेगळे कायदे आहेत.

या कसोटीचे अमेरिकेतील 'हॉवी' खटल्याशी साम्य आहे. फ्लोरिडातील संत्र्याच्या बागेचे तुकडे विकून, त्यांची मशागत स्वतः करून नफा वाटण्याची योजना हा जमिनीचा साधा व्यवहार नसून गुंतवणूक करार आहे, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९४६ मध्ये ठरवले होते. दोन्हीकडे विचार एकच आहे. पैसा आपला पण कारभार दुसऱ्याचा असेल, तर पैसा देणाऱ्याला माहिती मिळण्याचा हक्क हवा.

बेनामी व्यवहार

पैसा एकाने द्यायचा व मालमत्ता दुसऱ्याच्या नावे घ्यायची, हा प्रकार बेनामी मालमत्ता व्यवहार प्रतिबंध अधिनियम, १९८८ खाली येऊ शकतो. २०१६ च्या दुरुस्तीनंतर यासाठी १ ते ७ वर्षे सक्तमजुरी, मालमत्तेच्या बाजारभावाच्या २५ टक्क्यांपर्यंत दंड आणि मालमत्ता सरकारजमा होण्याची तरतूद आहे. ज्ञात उत्पन्नातून पती, पत्नी किंवा अपत्याच्या नावे घेतलेली मालमत्ता आणि भाऊ, बहीण किंवा थेट पूर्वज-वंशज यांच्यासह संयुक्त नावे घेतलेली मालमत्ता यांना अपवाद आहे. 'पैसे सगळ्यांनी घालू, नाव मात्र एकाचेच लावू' अशा तोंडी ठरावात पैसे देणारा दुहेरी अडचणीत येतो. त्याचे नाव दस्तावर नसते आणि तो दस्त खऱ्या अर्थाने आपला आहे असे सांगायला गेल्यास व्यवहारच बेनामी ठरण्याचा धोका असतो.

जमीन आणि कागदपत्रे

ग्रामीण भागात मालमत्तेचा प्रकार पाहूनच उभारणीची रचना ठरवावी लागते. महाराष्ट्र कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९४८ च्या कलम ६३ नुसार शेतकरी नसलेल्या व्यक्तीला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही. कंपनी किंवा एलएलपी सामान्यतः शेतकरी गणली जात नाही, तिचे सर्व भागीदार शेतकरी असले तरीही. त्यामुळे रस्त्यालगतची शेतजमीन घेऊन त्यावर गाळे बांधण्याच्या योजनेत जमिनीचा बिगरशेती वापर हा प्रश्न सर्वांत आधी येतो. जमिनीचे लहान तुकडे पाडून विकण्यावर १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याचे निर्बंध असून त्यात वेळोवेळी सुधारणा झाल्या आहेत.

गावठाणातील घरांना सातबारा नसतो. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा कर आकारणीचा उतारा आहे. तो मालकीचा निर्णायक पुरावा मानला जात नाही. गावठाणांचे ड्रोनद्वारे मोजमाप करून मिळकत पत्रिका देण्याचा प्रयोग बारामतीशेजारच्या पुरंदर तालुक्यातील सोनोरी या गावी झाला होता. २०२० मध्ये केंद्र शासनाने स्वामित्व योजनेद्वारे असे काम देशभर हाती घेतले. मिळकत पत्रिका मिळाल्याने गावठाणातील इमारत तारण ठेवणे किंवा तिच्यातील हिस्सा नोंदवणे सुलभ होते.

खरेदीपूर्वी मागील ३० वर्षांच्या नोंदींचा शोध घेऊन वकिलाकडून शोध अहवाल घेण्याची प्रथा आहे. इसार देऊन साठेखत केले म्हणजे मालकी मिळाली असे होत नाही. ती नोंदणीकृत खरेदीखतानेच मिळते.

भाडे आणि व्याज यांचा हिशेब

खासगी कर्जाच्या आधारे भाड्याची मालमत्ता घेताना भाड्याचे उत्पन्न आणि व्याजाचा दर यांतील तफावत निर्णायक ठरते. पुढील आकडे केवळ समजुतीसाठी घेतले आहेत.

समजा, कोऱ्हाळे बुद्रुकसारख्या गावातील एक इमारत मुद्रांक शुल्कासह १ कोटी रुपयांना पडली आणि तिचे दरमहा ४५,००० रुपये भाडे येते. वर्षाचे भाडे ५,४०,००० रुपये होते. वर्षातून एक महिना जागा रिकामी राहिली तर ४५,००० रुपये वजा होतात. कर, दुरुस्ती, विमा व देखभाल यांवर ७५,००० रुपये खर्च झाले, तर हाती ४,२०,००० रुपये, म्हणजे गुंतवणुकीच्या ४.२ टक्के उरतात.

दहा जणांनी प्रत्येकी १० लाख रुपये घालून सहमालकीने ही इमारत घेतली असेल, तर प्रत्येकाला वर्षाला ४२,००० रुपये मिळतात. परतावा माफक आहे, परंतु कोणाचे देणे लागत नाही. आता यांपैकी ५० लाख रुपये 'शेकडा एक' दराने, म्हणजे महिना एक टक्का व्याजाने घेतले असे धरू. वर्षाचे व्याज ६,००,००० रुपये होते आणि निव्वळ उत्पन्नातून ते भागवताना १,८०,००० रुपयांची तूट येते. दर 'शेकडा दोन' असेल तर व्याज १२,००,००० रुपयांवर जाते. ते एकूण भाड्याच्या दुपटीहून अधिक असून तूट ७,८०,००० रुपयांची होते.

ही तूट भागवण्याचे मार्ग मोजकेच असतात: कर्जदाराचे दुसरे उत्पन्न, मालमत्तेची विक्री किंवा नवे कर्ज. जागेची किंमत वाढली तरी विक्री होईपर्यंत ती वाढ रोख रकमेच्या स्वरूपात मिळत नाही. जुन्या गुंतवणूकदारांचे व्याज नव्या गुंतवणूकदारांच्या मुद्दलातून दिले जाऊ लागले, की इमारत जागेवर असूनही योजना आतून पोकळ होत जाते. नवा पैसा थांबताच व्याजही थांबते, आणि शेवटी आलेल्यांचे नुकसान सर्वाधिक होते. भाड्याच्या उत्पन्नाहून बरेच अधिक 'निश्चित' परताव्याचे आश्वासन हे म्हणूनच अशा योजनांतील धोक्याचे प्रमुख चिन्ह मानले जाते.

भाडेकरार

उत्पन्नाचा आधार भाडेकरार असल्याने त्याची नोंदणी महत्त्वाची ठरते. 'अकरा महिन्यांचा करार' ही प्रथा नोंदणी अधिनियम, १९०८ मधील एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याच्या नोंदणीसक्तीतून रूढ झाली. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम ५५ नुसार मात्र, तो लागू असलेल्या क्षेत्रांत, भाडेकरार अथवा अनुज्ञप्ती करार लेखी व नोंदणीकृत असणे आवश्यक आहे आणि त्याची जबाबदारी मालकावर आहे. करार नोंदवलेला नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट पुरावा नसल्यास, ग्राह्य धरले जाते. मालकाला ३ महिन्यांपर्यंत कारावास किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

करआकारणी

आयकर अधिनियम, १९६१ मध्ये घरमालमत्तेच्या उत्पन्नातून स्थानिक कर वजा केल्यानंतर उरणाऱ्या रकमेवर ३० टक्के प्रमाणित वजावट आणि खरेदीसाठी घेतलेल्या कर्जाच्या व्याजाची वजावट यांची तरतूद होती. सहमालकांचे हिस्से निश्चित असल्यास प्रत्येकाच्या हिश्श्यावर स्वतंत्र कर आकारला जाई. २०,००० रुपये किंवा अधिक रकमेचे कर्ज रोखीने घेण्यास कलम २६९एसएसने मनाई केली होती. ५० लाख रुपये किंवा त्याहून अधिक किमतीची स्थावर मालमत्ता घेताना खरेदीदाराने १ टक्का कर कापून भरायचा असतो. ऑक्टोबर २०२४ पासून ही मर्यादा ठरवताना सर्व सहखरेदीदारांची रक्कम एकत्र धरली जाऊ लागली. १९६१ च्या अधिनियमाची जागा १ एप्रिल २०२६ पासून आयकर अधिनियम, २०२५ ने घेतली असून कलमांचे क्रमांक बदलले आहेत.

उल्लेखनीय उदाहरणे

मगरपट्टा सिटी, हडपसर

पुण्याजवळील हडपसर येथील सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी आपली सुमारे ४०० एकर सलग जमीन बिल्डरला न विकता एकत्र करून स्वतःची कंपनी स्थापन केली. सतीश मगर यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या या प्रकल्पात प्रत्येक कुटुंबाला जमिनीच्या प्रमाणात शेअर मिळाले. इ.स. २००० च्या सुमारास बांधकाम सुरू झाले. निवासी घरांच्या विक्रीबरोबरच 'सायबरसिटी' या भागातील कार्यालये माहिती तंत्रज्ञान कंपन्यांना भाड्याने देण्यात आली. गुंतवणूकदारांनी रोख रकमेऐवजी जमीन घातली आणि जमीन गेल्यानंतरही तिच्या उत्पन्नातील वाटा त्यांच्या नावे राहिला, हे या प्रकल्पाचे वैशिष्ट्य होय. सिंहगड रस्त्यावरील नांदेड सिटी हा प्रकल्पही याच धर्तीवर, सुमारे ७०० एकरांवर उभारण्यात आला.

सहारा खटला

सहारा समूहाच्या दोन कंपन्यांनी रोख्यांद्वारे सुमारे ३ कोटी लोकांकडून २४,००० कोटी रुपयांहून अधिक रक्कम गोळा केली होती. समूहाशी संबंधित व्यक्तींपुरती मर्यादित अशी ही खासगी विक्रीव्यवस्था आहे, असा कंपन्यांचा दावा होता. सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१२ रोजी तो फेटाळला आणि रक्कम १५ टक्के व्याजासह परत करण्याचा आदेश दिला. केवळ 'खासगी' असे नाव दिल्याने व्यवहार खासगी होत नाही, हे या निकालाने स्पष्ट झाले. त्या वेळच्या कायद्यात खासगी प्रस्तावाची मर्यादा ५० व्यक्तींहून कमी होती.

पीएसीएल

शेतजमिनीच्या खरेदी व विकासाच्या नावाखाली पीएसीएल या कंपनीने सुमारे ४९,१०० कोटी रुपये गोळा केले होते. ही नोंदणी नसलेली सामूहिक गुंतवणूक योजना असल्याचा निष्कर्ष काढून सेबीने ऑगस्ट २०१४ मध्ये परतफेडीचा आदेश दिला. सर्वोच्च न्यायालयाच्या २ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशानुसार माजी सरन्यायाधीश आर. एम. लोढा यांच्या अध्यक्षतेखाली परतफेडीसाठी समिती नेमण्यात आली.

नियंत्रित पर्याय

लहान रकमेतून भाड्याच्या मालमत्तेत गुंतवणूक करता यावी यासाठी सेबीने सप्टेंबर २०१४ मध्ये स्थावर मालमत्ता गुंतवणूक न्यासांचे, म्हणजेच 'रीट'चे नियम जाहीर केले. न्यासाच्या मालमत्तेपैकी किमान ८० टक्के मालमत्ता पूर्ण झालेली व भाडे देणारी असावी लागते आणि वाटपयोग्य निव्वळ रोख रकमेपैकी किमान ९० टक्के रक्कम गुंतवणूकदारांना वाटावी लागते. एम्बसी ऑफिस पार्क्स हा भारतातील पहिला रीट १ एप्रिल २०१९ रोजी शेअर बाजारात नोंदला गेला. त्यानंतर २०२० मध्ये माइंडस्पेस बिझनेस पार्क्स आणि २०२३ मध्ये नेक्सस सिलेक्ट ट्रस्ट हे रीट आले. या तिघांच्याही मालमत्तांत पुण्यातील इमारतींचा समावेश आहे.

मार्च २०२४ मध्ये लघु व मध्यम रीटसाठी नियम करण्यात आले. ५० कोटी ते ५०० कोटी रुपयांपर्यंतच्या मालमत्तांसाठी ही व्यवस्था असून किमान २०० गुंतवणूकदार आणि किमान १० लाख रुपयांची गुंतवणूक अशा अटी आहेत. खेड्यातील एक-दोन कोटी रुपयांची इमारत या चौकटीत बसत नाही. त्या पातळीवर सहमालकी, एलएलपी किंवा खासगी कंपनी हेच मार्ग उपलब्ध राहतात.

करारातील प्रमुख बाबी

खासगी भांडवलाच्या लेखी करारात सामान्यतः पुढील बाबी नमूद केल्या जातात:

प्रत्येकाने घातलेली रक्कम, तारीख व बँक व्यवहाराचा तपशील;
दस्तावरील नावे आणि हिश्श्यांचे प्रमाण;
भाडे जमा होण्याचे स्वतंत्र बँक खाते आणि त्यावर सह्या करण्याचा अधिकार;
दुरुस्ती, कर व रिकाम्या काळासाठी राखीव रक्कम;
कारभार पाहणाऱ्याचे मानधन व हिशेब देण्याची मुदत;
एखाद्याला बाहेर पडायचे असल्यास हिश्श्याची किंमत ठरवण्याची रीत आणि इतरांचा खरेदीचा अग्रहक्क;
मृत्यूनंतर वारसांचे स्थान;
मालमत्ता विकण्यासाठी आवश्यक बहुमत;
वाद झाल्यास लवादाची तरतूद.

पैसा ओळखीच्या माणसांत फिरतो तेव्हा यांतील बहुतेक बाबी तोंडी राहतात. व्यवहार सुरळीत असेपर्यंत त्यांची उणीव जाणवत नाही. भाडेकरू सोडून जाणे, सहमालकाचा मृत्यू किंवा एखाद्या घरातील लग्नकार्यासाठी तातडीने पैशांची गरज निर्माण होणे अशा प्रसंगी मात्र हक्क कोणाचा व किती, हे दस्तातील मजकुरावरूनच ठरते.